लोणावळ्याच्या हिरवळीवर तीन देश

वराळे ते लोणावळा हे अंतर प्रवासवर्णन लिहिण्याजोगं नाही, हे मला मान्य आहे. रिक्षानं तळेगाव स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची, की तासाभराच्या आत माणूस चिक्कीच्या दुकानांपुढे उभा. पण आमच्या सोसायटीतल्या एक बाई आठ दिवसांत सात देश बघून आल्या आणि त्यावर त्यांनी चाळीस पानं लिहिली. मी चार दिवसांत, तालुक्याची हद्द न ओलांडता, तीन देश बघितले. मलाही चार पानांचा हक्क आहे. शिवाय असल्या ठिकाणी जाऊन आलेला जो तो 'छान अनुभव होता' एवढंच म्हणून गप्प बसतो, आणि पुढचा भाबडेपणानं रांगेत उभा राहतो.

मी गणित शिकवते. चौदा वर्षं झाली. ज्या शाळेत शिकवते तिच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द आहे आणि त्या शब्दाखेरीज तिथं आंतरराष्ट्रीय असं काही नाही. गेल्या उन्हाळ्यात प्रवेश कमी झाले म्हणून आम्हा शिक्षकांना शाळेच्या नावाच्या टोप्या घालून सोमाटणे फाट्यावर पत्रकं वाटायला उभं केलं. माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी गाडीची काच खाली करून पत्रक घेतलं, मला ओळखलं नाही, आणि त्याच पत्रकानं गाडीचा आरसा पुसला. त्या दिवशी मी ठरवलं की आता इथं राहायचं नाही. परदेशातल्या शाळा बहुतेक चाळिशीच्या आतलेच शिक्षक घेतात आणि मला चाळिसावं लागलेलं. तेव्हा जानेवारीत लोणावळ्याला परदेशी शाळांचा भरती मेळावा भरतोय असं कळल्यावर मी रजा टाकली. नियम एकच होता. रविवारी दुपारी बारापर्यंत कुठल्या तरी एका शाळेच्या करारावर सही करायची. सही झाली तर परदेश, नाही तर येत्या उन्हाळ्यात पुन्हा टोपी.

माझा नवरा नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याचं मत मी घरातून निघण्याआधीच तयार होतं. आखातातली शाळा घे, घर देतात, रियाचं शिक्षण फुकट होतं, आणि तीन-चार तासांत माणूस मुंबईला उतरतो. रिया आमची मुलगी, सातवीत आहे. तिचं मत असं की जिथं बर्फ पडतो तिथं जाऊ. बर्फवाल्या देशांनी आमच्याकडे शाळा पाठवल्या नव्हत्या.

शुक्रवार, लोणावळा

मेळावा तुंगार्लीकडच्या एका रिसॉर्टवर होता. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं असावं. कमानीवर नवरा-नवरीची नावं फुलांत तशीच होती आणि त्यांच्याखाली शिक्षकांचं स्वागत करणारं इंग्रजी कापड बांधलं होतं. दारात एका मुलीनं माझ्या गळ्यात ओळखपत्र घातलं, कपाळाला गंध लावलं आणि हातात एक पिशवी दिली. पिशवीत फजचा डबा होता आणि वेगवेगळ्या शाळांच्या गुळगुळीत पुस्तिका. हिरवळीवर दहा पावलं टाकली नाहीत तोच झाडावरून एक माकड उतरलं आणि पिशवी घेऊन गेलं. त्यानं फज ठेवून घेतला आणि पुस्तिका एकेक करून खाली टाकल्या. त्या तीन दिवसांत त्या पुस्तिकांची इतकी योग्य किंमत दुसऱ्या कोणी केली नाही.

मी त्या वेचल्या आणि वाचल्याही. प्रत्येकीत एक मुलगी भिंगातून झाडाचं पान बघत होती. प्रत्येकीत पोहण्याचा तलाव होता आणि मुलं सगळी हसत होती. गणित चुकलेलं एकही मूल कुठल्या पानावर दिसलं नाही, आणि मला तर चौदा वर्षांत दुसरं काही दिसलेलं नाही.

सगळ्यात मोठा मांडव आखातातल्या शाळेचा. तिथले मुख्य गृहस्थ गुलाबी टाय बांधून बसले होते. त्यांचं नाव मी विसरले, टाय विसरणं शक्य नाही. त्यांनी मला पडद्यावर तीन तलाव दाखवले. मी विचारलं, वर्गात फळा आहे का? ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघून म्हणाले की आमच्या शाळेनं फळा कधीच मागे टाकलाय, आता वर्गाच्या चारही भिंतींवर लिहिता येतं. मग भिंतींवर कोण काय लिहितं, असं विचारल्यावर कळलं की अजून कोणी लिहिलेलं नाही, कारण पालक शाळा बघायला येतात तेव्हा भिंती स्वच्छ दिसाव्या लागतात. नंतर त्यांनी माझ्याकडून 'वॉटर' हा शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि उच्चार बरा आहे असा शेरा लिहिला. मी चौदा वर्षं त्रिकोणमिती शिकवली तिची चौकशी एकदाही झाली नाही. मुलाला नापास करता येतं का, हे विचारल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. तिथं पालकांना पालक म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात, आणि भागीदाराचं मूल नापास होत नसतं.

दुसरा देश व्हिएतनाम. तिथले दोन तरुण अनवाणी, गाद्यांवर मांडी घालून बसले होते. त्यांच्या शाळेत शिक्षक नसतात, सहप्रवासी असतात. कुठला विषय शिकायचा ते मुलं ठरवतात. मुलांनी गणित ठरवलंच नाही तर मी काय करायचं, असं मी विचारलं. वाट बघायची, असं त्यांनी मला समजावलं. अख्खं वर्ष? तर म्हणे, प्रत्येक मुलाचा काळ वेगळा असतो. मला आमच्या नववीतली काही रत्नं आठवली, ज्यांचा काळ अजून आलेला नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत. मी उठून पाय मोकळे केले.

तिसरा देश शोधावा लागला. स्वयंपाकघराच्या मागे, जनरेटरच्या शेजारी एक टेबल होतं आणि त्यामागे एक सावळ्या, भरदार, साठीच्या बाई वर्तमानपत्रावर ठेवून वडापाव खात होत्या. त्यांचं नाव मिसेस अकोथ. पूर्व आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठच्या गावात त्यांची शाळा आहे. पुस्तिका नव्हती, झेरॉक्स काढलेला एक कागद होता. मी बसल्याबरोबर त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, मुलं अपूर्णांकांची बेरीज करताना वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा आकडा मिळवतात, त्यावर तुम्ही काय करता?

मी चौदा वर्षं ज्याची वाट बघत होते तो हा प्रश्न. मी त्यांना सांगितलं की मी अर्धी भाकरी आणि पाव भाकरी खरोखर वर्गात नेते, मुलांच्या पद्धतीनं उत्तर काढायला लावते, आणि दोन्ही मिळवल्यावर अर्ध्या भाकरीपेक्षाही कमी कशी झाली हे त्यांनाच विचारते. त्या म्हणाल्या की त्या चपातीनं करतात, तिकडेही चपातीच म्हणतात. मग आम्ही पाऊण तास ऋण संख्यांवर बोललो. फळा आहे, काळा आहे, मधोमध तडा गेलाय. वर्गात बेचाळीस मुलं. वीज दिवसातून दोनदा जाते. पगार आखाताच्या निम्मा. गेल्या वर्षी दोन शिक्षक सोडून गेले, एकाला करमेना आणि दुसऱ्याला मलेरिया झाला. हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं, आणि मला त्या मेळाव्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

जेवणानंतर आमच्या परीक्षा झाल्या. प्रत्येकानं दहा मिनिटं शिकवायचं आणि बाकीच्या उमेदवारांनी विद्यार्थी व्हायचं. बी.एड.ला आम्ही हे नाटक करतोच, पण तिथं सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. इथं सगळ्यांना एकच नोकरी हवी होती. नाशिकच्या एक पन्नाशीच्या बाई दुसरीतली मुलगी होऊन रडायला लागल्या आणि थांबेनात. माझ्या पाठाला कोल्हापूरचे गणिताचे एक सर ढ मुलगा झाले. मी काहीही सांगितलं की ते मान हलवून 'टीचर, नाही समजलं' म्हणत. दहाव्या मिनिटाला मी त्यांना उठाबशा काढायला सांगितलं. ते कोल्हापूरचे, त्यांनी काढल्या. गुलाबी टायवाल्यांना माझा उत्साह आवडला आणि त्यांनी मला करार देऊ केला. मिसेस अकोथनीही देऊ केला.

म्हणजे निवड माझ्या हातात होती. घर आणि फुकट शिक्षण एकीकडे, तडा गेलेला फळा दुसरीकडे. हा विचार करतच मी कागदपत्रांच्या टेबलाशी गेले आणि फाइल उघडली. तिथल्या माणसानं माझी बी.एड.ची पदवी हातात घेतली, पेनाच्या टोकानं तिच्यावर टकटक केलं आणि विचारलं, "मॅडम, ह्याच्यावर शिक्का कसा बसणार?"

पदवी लॅमिनेट केलेली होती. एम.एस्सी.चीही. परदेशात नोकरी करायची तर मूळ पदवीच्या पाठीवर सरकारी शिक्के घ्यावे लागतात आणि प्लास्टिकवर शाई धरत नाही. तो माणूस जांभई देत म्हणाला की तुमच्याकडचे सगळे असंच घेऊन येतात, जितकं मौल्यवान तितकं जाड प्लास्टिक. विद्यापीठातून दुसरी प्रत काढायला काही महिने जातील. आखाताला शिक्के मारलेली पदवी महिन्यात हवी होती. पंधरा वर्षं ती चकचकीत पदवी मी अभिमानानं मिरवत होते आणि लोणावळ्याच्या एका टेबलावर तिची किंमत दारावरच्या पाटीएवढी झाली.

शनिवार, कामशेत आणि आमचं गाव

लॅमिनेशन माझ्या वडिलांनी केलं होतं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. कामशेतहून आत, पवनेच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. पदव्या मिळाल्या तेव्हाची तात्पुरती प्रमाणपत्रं त्यांच्या पेटीत असतील तर काही मार्ग निघेल, या आशेनं मी सकाळी निघाले.

गावाचा रस्ता आता ओळखू येत नाही. जिथं आमची भातखाचरं संपतात तिथून पाण्यापर्यंत तंबू उगवलेत. पुण्या-मुंबईची माणसं पैसे देऊन तिथं थंडीत कुडकुडतात आणि सकाळी तोंड न धुता तळ्याचे फोटो काढतात. आमचे चुलते जन्मभर ज्या बांधावर मोकळेपणानं जायचे तिथं आता 'सनराइज पॉइंट' अशी पाटी आहे. एका तरुणीनं मला थांबवून विचारलं की इथलं खरं गावरान जेवण कुठं मिळेल. मी तिला पुढच्या तंबूकडं बोट दाखवलं, तिथं पनीर चांगलं करतात.

आबा पंच्याहत्तरीचे आहेत. चौथीपर्यंत शिकले, बोट ठेवून वाचतात. मी पोचले तेव्हा त्यांनी पावट्याची आमटी आणि इंद्रायणीचा भात करून ठेवला होता. आई गेल्यापासून ते स्वतः रांधतात आणि बाईच्या वरताण रांधतात. मी जेवून पेटी उघडायला सांगितली. त्यांनी हौसेनं उघडली आणि एकेक कागद माझ्यापुढं मांडला. तात्पुरती प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, दहावीची सनद, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड. सगळं प्लास्टिकमध्ये. चौथीच्या चित्रकलेच्या स्पर्धेचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रकसुद्धा.

मग मी त्यांना काय झालं ते सांगितलं. नीट सांगितलं नाही, चिडून सांगितलं. ते गोंधळून म्हणाले, "आगं, आपल्याकडं चार म्हैनं पाऊस. सातबाऱ्याला बुरशी लागली व्हती तवा तलाठ्याकडं किती हेलपाटं घातलं मी. तुजा कागद तसा जाऊ द्यायचा व्हता व्हय?"

"आबा, तुम्ही तो वाचवला नाही. कायमचा बंद करून टाकला," मी म्हणाले.

दोन दिवस मी टायवाल्यांवर, गादीवाल्यांवर आणि तंबूवाल्यांवर तोंडसुख घेत होते. ते त्यांना लागत नव्हतं. हे लागलं. आबा उठले, बाहेर जाऊन बैलाला वैरण टाकली, जी आधीच टाकलेली होती, आणि परत आले ते सदरा बदलून. कामशेतला ज्या दुकानात केलं त्याच दुकानात जाऊ, ज्यानं चिकटवलं त्याला सोडवता येत असंल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुकान तेच, माणूस तोच, फक्त केस गेलेले. त्याला आबा आठवत होते. म्हणाला, आबांनी तेव्हा जाडातलं जाड प्लास्टिक मागितलं होतं, मशिन दोनदा अडकलं. केस वाळवण्याच्या यंत्रानं गरम करून कधीकधी सुटतं, पण हमी नाही, आधी बिनमहत्त्वाच्या कागदावर करून बघू असं तो म्हणाला. मी पेटीतून आणलेली दहावीची गुणपत्रिका पुढं केली, कारण ती आता कोणी मागत नाही. त्यानं एक कोपरा गरम केला, ब्लेडनं प्लास्टिक उचललं आणि हळूहळू ओढायला लागला. कागद पांढरा होत गेला. अक्षरं प्लास्टिकवर राहिली. माझं नाव गेलं, मराठी गेलं, गणित गेलं.

"थांबा," आबा म्हणाले. "पदवीला नगं हात लावू."

परत येताना ते एसटीच्या थांब्यावर माझ्याशेजारी बसून होते. त्यांनी एकदाच विचारलं की ह्यावर मागं शिक्का मारायचा असतोय, हे त्यांना तेव्हा कुणीच का सांगितलं नाही. शिकलेली मी होते, आणि पंधरा वर्षांत मलाही ते माहीत नव्हतं. मी त्यांना जे बोलले त्याची मला लाज वाटत होती आणि तेवढं सांगायला तोंड उघडत नव्हतं. गाडी आली तेव्हा मी फक्त निघते म्हणाले.

रविवार, पुन्हा लोणावळा

हिरवळीवर सकाळपासून सह्यांची घाई चालली होती. सही केलेल्याला फेटा बांधत होते, ढोल वाजवत होते आणि फोटो काढत होते. कोल्हापूरचे सर फेटा बांधून व्हिएतनामच्या गादीवर बसले होते. ते आता अख्खं वर्ष मुलांची वाट बघणार. मी मनापासून त्यांचं अभिनंदन केलं.

आखाताच्या मांडवात मी गुलाबी टायवाल्यांना, त्या दिवशी टाय निळा होता, पदवीची अडचण सांगितली. ते हसले. मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले की त्यांचा एक माणूस आहे, तो आठ दिवसांत नवी कोरी पदवी करून देतो. तारीख, सही, शिक्का, सगळं हुबेहूब. तुमची पदवी खरीच आहे ना मॅडम, मग कागद कुठला का असेना, असा त्यांचा हिशेब होता.

खरं सांगते, मी लगेच नाही म्हणाले नाही. मी हिरवळीला एक चक्कर मारली. मला घर दिसत होतं, रियाची फी नसलेली शाळा दिसत होती, माझं वय दिसत होतं. चक्कर संपता संपता मला आबांची पेटी दिसली. एवढ्या पावसातून जपलेला खरा कागद असताना मी खोटा घेऊन विमानात बसायचं, आणि तिथं जाऊन मुलांना सांगायचं की पायऱ्या न लिहिता उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाहीत. मी परत जाऊन नको म्हणाले. ते म्हणाले, विचार करा, तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत. त्या एका बाबतीत ते खरं बोलले असावेत.

जनरेटरमागे मिसेस अकोथ सामान आवरत होत्या. मी पदवी त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं, आबांसकट. त्यांनी ती उन्हात धरून वाचली. त्यांच्या आईनं म्हणे त्यांचं प्रमाणपत्र गावातल्या प्रत्येक घरी दाखवायला नेलं होतं आणि ते परत आलं तेव्हा त्यावर चहाचे चार डाग होते. मग त्या कामाचं बोलल्या. विद्यापीठाची दुसरी प्रत येईपर्यंत त्या थांबतील. ऑगस्टला जमलं नाही तर पुढच्या जानेवारीत या, तोवर त्या स्वतः गणिताचे तास घेतील, आधीही घेतच होत्या. पण प्रतीसाठीचा अर्ज आठवड्याच्या आत विद्यापीठात गेला पाहिजे आणि त्याची पोच त्यांना मिळाली पाहिजे, नाही तर करार रद्द.

बाराला दहा मिनिटं असताना मी सही केली. फेटा नको म्हटलं, तरी ढोलवाले सवयीनं वाजवून गेले. नवऱ्याला फोन केला. त्यानं विचारलं, तिथं डास आहेत का. आहेत म्हटलं. वराळ्यातही आहेत, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याचा होकार असाच असतो.

सोमवार, वडगाव

दुसऱ्या प्रतीच्या अर्जाला प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यासोबत खराब झालेली मूळ पदवी विद्यापीठाला परत द्यावी लागते. प्रतिज्ञापत्र करायला मी वडगावला तहसील कचेरीपाशी गेले. आबांना फोनवर फक्त कळवलं होतं, तरी ते माझ्या आधी येऊन चहाच्या टपरीवर बसले होते. कागद त्यांनी बिघडवला तेव्हा त्यांनी यायलाच पाहिजे, असं त्यांचं ठरलं होतं. रात्रभर झोपले नसावेत.

कचेरीबाहेर ताडपत्रीखाली टाइप करणारे बसतात. आमच्यासमोरच्याकडं सगळ्या संकटांचे मजकूर आधीच तयार होते. हरवलेलं, जळालेलं, उंदरानं कुरतडलेलं. फक्त नाव घालायचं. मी त्याला खरं ते सांगितलं की पावसात बुरशी लागू नये म्हणून वडिलांनी पदवी जपली आणि म्हणून ती निकामी झाली. त्यानं मान हलवली. असं विद्यापीठ घेत नाही, म्हणाला. कुणाची तरी चूक दाखवावी लागते. 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द लागतोच, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. त्यानं विचारलं, "कुणाच्या लिहू?"

"माजं नाव घाल," आबा म्हणाले.

पंधरा वर्षं आबांनी त्या पेटीला कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधली होती. उभ्या तालुक्यात त्यांच्याइतका काळजी घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या नावापुढं तो शब्द टाइप झालेला मला बघवला नसता. मी टाइप करणाऱ्याला सांगितलं, "माझ्या. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं लिहा."

त्यानं लिहिलं. कागद छापून आला तो आबांनी आधी हातात घेतला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. टाइप करणारा खोळंबला, मागची माणसं खोळंबली. त्या शब्दावर आल्यावर बोट थांबलं.

"मने, ह्ये खोटं हाय," ते हळूच म्हणाले.

तुमच्या नावावर केलं तर तुमचंही वेगळं प्रतिज्ञापत्र लागेल, आणखी दिवस जाईल, असं मी काहीतरी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मला वाटत नाही त्यांना पटलं.

नोटरी शेजारच्याच टेबलाशी बसले होते. त्यांनी कागदावरून नजर फिरवली, शिक्का शाईत दाबला आणि नेहमीचं विचारलं, मजकूर वाचला का, शपथेवर सांगताय ना, हे सगळं खरं आहे?

मी तोंड उघडायच्या आत आबा पुढं झाले.

"व्हय सायेब, खरं हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ल्हानपणापासनं अशीच हाय ती. कागद कसा संबाळावा, कळतच न्हाई तिला."

मागची माणसं हसली. मी सही केली आणि नोटरींनी शिक्का मारला.